लाकडाच्या ढलप्यांची दोन मोठी गिऱ्हाइके: जपान आणि चीन

माझ्या टेबलावर काचेच्या एका लहान बरणीत मूठभर लाकडी ढलप्या आहेत. प्रत्येक ढलपी अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, चार-पाच मिलिमीटर जाड आणि दोन्ही टोकांना तिरकी कापलेली आहे. रंग फिकट तांबूस आहे, आणि झाकण उघडले की अजूनही किंचित आंबूस वास येतो. माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. व्हिएतनाममधल्या क्वी न्योन बंदरात माल भरताना डेकवर सांडलेल्या या ढलप्या त्याने माझ्यासाठी आणल्या, कारण कागदाच्या दरांविषयी मी त्याला फार प्रश्न विचारत असे. ‘तुझा कागद इथून सुरू होतो,’ असे म्हणून त्याने ती पुडी माझ्या हातात ठेवली.

लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आमचे छापखान्याचे काम चालते. वडिलांनी गिरगावात सुरू केलेला हा व्यवसाय आता मी पाहते, आणि त्यातला कागदखरेदीचा भाग मी कधीच दुसऱ्या कोणाकडे सोपवलेला नाही. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदाचे आणि गुळगुळीत आर्ट पेपरचे दर असे चढत गेले, की पुरवठादार दिलेल्या दरपत्रकावर चार दिवसांचीसुद्धा हमी देईना, आणि दिवाळी अंकांची कामे घेताना मला प्रत्येक संपादकाला कागदाचा दर वेगळा कळवीन असे लिहून द्यावे लागले. त्या काळात मी लगद्याचे आणि लगद्याच्या मागे असलेल्या लाकडाचे आकडे गोळा करू लागले. ज्या दोन देशांच्या आयातीने लाकडाच्या ढलप्यांचा जागतिक बाजार घडवला, त्या जपान आणि चीनच्या वर्षवार आकड्यांचा तक्ता मी तेव्हापासून ठेवते आहे.

तक्ता वाचण्यापूर्वी एककांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या विषयात सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. ताज्या तोडलेल्या निलगिरीच्या ढलपीत वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणून हा व्यापार पूर्ण कोरड्या वजनावर, म्हणजे भट्टीत वाळवून ओलावा शून्यावर आणला तर जे वजन उरेल त्यावर चालतो. ओला टन आणि कोरडा टन एकाच रकान्यात टाकले, तर एखाद्या देशाची आयात कागदावर दुप्पट दिसू शकते. कोरड्या वजनाच्या साधारण दोन टन ढलप्यांतून रासायनिक पद्धतीने एक टन पांढरा लगदा निघतो, एवढे प्रमाण लक्षात ठेवले तर पुढचे आकडे अधिक बोलके होतात. या लेखातले आयातीचे आकडे कोरड्या टनांतले आहेत आणि मी ते मुद्दाम ठोकळ दिले आहेत.

जपानची गोष्ट १९६० च्या दशकात सुरू होते. युद्धानंतर तिथला कागद उद्योग झपाट्याने वाढत होता, परंतु देशातले पाइन लाकूड पुरे पडत नव्हते आणि गोल ओंडके आणणे महाग होते. त्याच वेळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लाकूड गिरण्या आपल्या कडा, फळकुटे आणि तुकडे शंकूच्या आकाराच्या लोखंडी भट्ट्यांत जाळून टाकत होत्या. जपानी कागद कंपन्यांनी तो जळणारा माल कच्चा माल म्हणून पाहिला. १९६४ मध्ये ‘कुरे मारू’ हे खास ढलप्या वाहण्यासाठी बांधलेले जहाज तयार झाले आणि ऑरेगॉनच्या कूस बे बंदरातून जपानकडे ढलप्यांची वाहतूक सुरू झाली. ढलपी हलकी आणि पोकळ रचणारी असते. साध्या जहाजात ती भरली तर जहाज वजनाने भरण्याआधी जागेने भरते, आणि मग भाडे परवडत नाही. म्हणून खोल, प्रशस्त तळघरे असलेली ही वेगळी जहाजे बांधली गेली. एखाद्या उद्योगाने आपल्या कच्च्या मालासाठी जहाजाचा एक नवा प्रकारच घडवावा, यातच जपानच्या खरेदीचा स्वभाव दिसतो, असे मला वाटते.

पुढची पायरी ऑस्ट्रेलियाची होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यू साउथ वेल्समधल्या ईडन येथून आणि टास्मानियातल्या ट्रायाबना येथून निलगिरीच्या ढलप्या जपानला जाऊ लागल्या, आणि त्याच दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बनबरी बंदराचीही त्यात भर पडली. इथे मात्र गिरणीतला उरलेला माल नव्हता, तर नैसर्गिक जंगलातली झाडे होती. त्यामुळे विरोधही तीव्र झाला, इतका की १९७६ मध्ये बनबरीच्या ढलप्यांच्या धक्क्यावर स्फोट घडवण्यात आला. टास्मानियात तर पुढची चार दशके निवडणुका या प्रश्नाभोवती फिरत राहिल्या. ट्रायाबनाची गिरणी २०११ मध्ये विकली गेली आणि पुन्हा सुरू झाली नाही. त्याआधीच जपानी खरेदीदारांनी लाकूड प्रमाणित जंगलातलेच, म्हणजे जबाबदारीने राखल्याचा दाखला मिळालेल्या जंगलातलेच, हवे अशी मागणी लावून धरली होती. आंदोलकांना जे तीस-पस्तीस वर्षांत पूर्णपणे साधले नव्हते, त्याला गिऱ्हाइकाच्या एका अटीने मोठा हातभार लागला. या क्षेत्रात खरेदीदाराच्या शब्दाला किती वजन असते, हे त्यावरून कळते.

दरम्यान अमेरिकेतला पुरवठाही आटला. १९९० मध्ये ठिपकेदार घुबडाच्या एका जातीला तिथे संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले, १९९४ मध्ये वायव्येकडच्या सरकारी जंगलांसाठी नवी योजना लागू झाली आणि तोडीवर मोठी मर्यादा आली. गिरण्या कमी झाल्या तसा त्यांचा उरलेला मालही कमी झाला. जपानने यावर जे उत्तर शोधले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम वाटते: त्याच्या कागद कंपन्यांनी आणि व्यापारी संस्थांनी ऑस्ट्रेलिया, चिली, ब्राझील, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे स्वतः किंवा भागीदारीत लागवडी उभ्या केल्या. निलगिरी आठ-दहा वर्षांनी तोडीला येते. म्हणजे आज रोप लावणारा दहा वर्षांनंतरच्या आपल्या कागदाचा अंदाज बांधून रोप लावतो, आणि जहाजाचा करारही तितकाच लांब पल्ल्याचा करतो. या व्यवस्थेवर जपानची आयात वाढत जाऊन २००७-०८ च्या सुमारास वर्षाला १ कोटी ४० लाख टनांच्या वर पोहोचली. तोवर ढलप्यांचा सागरी व्यापार म्हणजे जपानचाच व्यापार, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती झाली नसती.

दादा ज्या जहाजावर शेवटची काही वर्षे होता ते जहाज याच व्यवस्थेसाठी जपानमध्ये बांधलेले होते. सहा तळघरे, डेकवर क्रेन, क्रेनच्या पकडीतून माल पडण्यासाठी मोठी नरसाळी आणि तिथून थेट किनाऱ्यापर्यंत जाणारा सरकता पट्टा, अशी त्याची रचना होती. त्याने मला एक गोष्ट अनेकदा बजावून सांगितली. ढलप्या भरलेले तळघर हे बाहेरून अगदी निरुपद्रवी दिसते, पण ओले लाकूड बंद जागेतला प्राणवायू खाऊन टाकते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. जिन्याने पाच-सहा पायऱ्या खाली उतरलेला माणूस काही कळायच्या आत कोसळू शकतो, आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही. म्हणून दार उघडून पुरेशी हवा खेळवल्याशिवाय आणि मापक यंत्रावर आकडा पाहिल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ द्यायचे नाही, हा त्याचा नियम होता. कागदाचे रीम मोजताना मला अनेकदा त्या जिन्याची आठवण होते.

आता चीन. चीनची रेघ माझ्या तक्त्यात फार उशिरा सुरू होते, आणि सुरू होण्याआधी ती उलट्या दिशेला आहे. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चीन स्वतःच जपानला ढलप्या विकत होता. २००८ मध्ये त्याची आयात जेमतेम दहा लाख टनांच्या आसपास होती. २०१० मध्ये ती पंचेचाळीस लाखांच्या पुढे गेली, २०१३ मध्ये नव्वद लाखांच्या घरात आली, २०१८ मध्ये सव्वा कोटी ओलांडून गेली आणि २०२२ मध्ये १ कोटी ८० लाखांच्या वर पोहोचली. जपानला ज्या उंचीवर चढायला चाळीस वर्षे लागली, ती चीनने साधारण एका तपात गाठली आणि ओलांडली.

याची कारणे शोधताना मला १९९८ सालापर्यंत मागे जावे लागले. त्या वर्षी यांगत्से नदीला विनाशकारी पूर आला, आणि वरच्या खोऱ्यातली जंगलतोड हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. त्यानंतर चीनने नैसर्गिक जंगलांच्या संरक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि टप्प्याटप्प्याने, २०१७ पर्यंत, नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड देशभर थांबवली. त्याच काळात कागदाचे उत्पादन मात्र प्रचंड वाढत होते. २००० मध्ये जपान आणि चीन यांचे कागद-पुठ्ठ्याचे उत्पादन जवळपास सारखेच, म्हणजे तीन कोटी टनांच्या किंचित वर होते. २०१० मध्ये चीनचे उत्पादन नऊ कोटी टनांच्या वर गेले होते आणि २०२० मध्ये अकरा कोटींच्या वर, तर जपानचे २०२० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाखांवर उतरले होते. म्हणजे एकाच रेषेवरून निघालेले दोन देश वीस वर्षांत जवळजवळ पाचपट अंतरावर गेले. चीनच्या नव्या लगदा गिरण्या समुद्रकिनारी उभ्या राहिल्या: शांडोंगमधले रिझाओ, ग्वांगडोंगमधले झानजियांग, हैनान बेट, ग्वांगशीचा किनारा. गिरणीच्या दारातच खोल पाण्याचा धक्का असल्यामुळे आयात केलेली ढलपी देशाच्या आतून रस्त्याने आणलेल्या लाकडापेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता तिथे आधीच बांधून ठेवलेली होती.

या दोन रेघा एकाच आलेखावर काढल्या की एक उतरती आणि एक चढती अशी कात्री दिसते. गेल्या दशकाच्या शेवटाकडे त्या एकमेकींना छेदतात आणि चीन पहिल्या क्रमांकावर येतो. असा आलेख पाहून ‘जपानची जागा चीनने घेतली’ असे वाक्य सहज लिहिले जाते. सुरुवातीला मीही माझ्या वहीत तसेच लिहिले होते. नंतर ते खोडले, कारण त्या वाक्यात दोन वेगळ्या प्रकारची खरेदी एकच मानली जाते.

जपानला लाकूड लागले की ते मुख्यतः ढलप्यांच्या रूपातच येते. त्याचा लगदा देशातल्या गिरण्यांत होतो, आणि तयार लगद्याची आयात त्या मानाने थोडी असते. चीन मात्र तयार लगदाच फार मोठ्या प्रमाणावर विकत घेतो: २००९ मध्ये सुमारे १ कोटी ३७ लाख टन, २०२० मध्ये तीन कोटी टनांहून अधिक, आणि २०२३ मध्ये साडेतीन कोटींच्याही पुढे. वर सांगितलेले प्रमाण लावले तर २०२२ च्या १ कोटी ८० लाख टन ढलप्यांतून नव्वद लाख टनांच्या आसपास लगदा निघेल. म्हणजे चीनच्या बाबतीत ढलप्यांचा आकडा हा एका फार मोठ्या खरेदीचा लहान भाग आहे, तर जपानच्या बाबतीत तो जवळजवळ संपूर्ण खरेदी आहे. म्हणूनच चीनच्या गिरणीमालकाला दर महिन्याला निवड करता येते. ब्राझीलचा लगदा स्वस्त पडला तर तो लगदा घेतो, व्हिएतनामची ढलपी स्वस्त पडली तर ढलपी घेतो, आणि ग्वांगशीतल्या स्वतःच्या निलगिरीचा भाव उतरला तर दोन्ही कमी करतो. जपानी गिरणीला इतकी मोकळीक नव्हती. तिने झाडे लावली होती, जहाजे बांधली होती, आणि त्या बांधिलकीच्या बदल्यात तिला स्थिर पुरवठा मिळत होता.

यात भर पडली रद्दीची. चीन पूर्वी जगभरातून रद्दी कागद आयात करत असे. २०१७ मध्ये ती आयात अडीच कोटी टनांच्या घरात होती. २०१८ पासून त्यावर कडक निर्बंध आले आणि १ जानेवारी २०२१ पासून ती पूर्ण बंद झाली. जो तंतू रद्दीतून येत होता तो कुठून तरी आणावाच लागणार होता. आमच्या गाळ्यात २०२२ मध्ये जे दरपत्रक चार दिवसांत शिळे होत होते, त्यामागे जहाजभाडी होती, कोळसा होता, महासाथीनंतर एकदम उसळलेली मागणी होती, पण तंतूची ही ओढाताणसुद्धा होती असे माझे मत आहे.

जपानची रेघ का उतरली याचे उत्तर छापखान्यातल्या माणसाला शोधावे लागत नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर २००९ मध्ये आयात एकदम कोसळली आणि त्यानंतर ती जुन्या उंचीवर कधीच परतली नाही. मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकीची मोठी कागद गिरणी पाण्याखाली गेली. कामगारांनी ती साधारण सहा महिन्यांत पुन्हा चालू केली, हे खरोखर थक्क करणारे काम होते. पण गिरणी पुन्हा उभी करता येते, वाचक पुन्हा आणता येत नाहीत. जपानमध्ये २००० साली रोज सुमारे ५ कोटी ३७ लाख वृत्तपत्रे खपत होती. २०२३ मध्ये तो आकडा तीन कोटींच्या खाली होता. होक्काइदोमधल्या कुशिरो येथील गिरणीत कागदाचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. महासाथीच्या वर्षी आयात कोटीभर टनांच्या आसपास उतरली. हे सगळे आकडे मी वहीत उतरवले तेव्हा मला आमचेच जुने ग्राहक आठवत होते, ज्यांच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि मासिके आता फोनवर जातात.

दोघांना विकणाऱ्यांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. २०११-१२ च्या सुमारास व्हिएतनाम ढलप्यांचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला, आणि आज चीन व जपान हे दोघेही त्याच्याकडूनच सर्वांत जास्त घेतात. ऑस्ट्रेलियाने २०२० नंतर चीनशी व्यापारी तणाव सोसला. त्याचे गोल ओंडके चीनने २०२० च्या अखेरीस थांबवले आणि २०२३ मध्ये पुन्हा घेतले, परंतु ढलप्या मात्र जात राहिल्या. कोकणात वाढलेल्या वाचकाला व्हिएतनामचे झाड ओळखीचे वाटेल. सामाजिक वनीकरणात आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि माळावर जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, जिला लोक सरळ अकेशिया म्हणतात, तिचाच संकर तिथल्या डोंगरउतारांवर लाखो हेक्टरवर उभा आहे. फरक एवढाच की आपल्याकडे ते झाड बहुतेक जळणाला जाते.

तिथली लागवड मोठ्या प्रमाणावर छोट्या शेतकऱ्यांच्या हातात आहे, एकेकाकडे दोन-चार हेक्टर. पाच-सहा वर्षांचे झाड ढलप्यांच्या कारखान्याला विकता येते. तेच झाड दहा-बारा वर्षे ठेवले तर खोड जाड होते, त्याच्या फळ्या निघतात आणि फर्निचरच्या कारखान्यात त्याला चांगला भाव मिळतो. व्हिएतनाम सरकारला नेमके हेच हवे होते. म्हणून २०१६ पासून ढलप्यांच्या निर्यातीवर २ टक्के शुल्क लावले गेले. पण मुलांची फी, घरातले आजारपण, वादळाची भीती आणि कर्जाचा हप्ता यांना दहा वर्षे थांबता येत नाही. भाव चांगला असेल तर शेतकरी चौथ्या वर्षीही झाड तोडतो.

माझ्या दृष्टीने दोन गिऱ्हाइकांतला खरा फरक या शेतात पोहोचतो. २०२२ मध्ये व्हिएतनामने सुमारे २.८ अब्ज डॉलरच्या ढलप्या निर्यात केल्या. चीनची मागणी जोरात होती, भाव चढला होता आणि कोवळी झाडेही तोडली गेली. २०२३ मध्ये मागणी मंदावली आणि निर्यातीचे मूल्य सुमारे पाचव्या भागाने घसरले. ज्याने आदल्या वर्षी भाव पाहून कोवळे रान तोडले त्याच्याकडे आता रोपे होती, आणि ज्याने राखून ठेवले त्याला घेणारा मिळत नव्हता. दीर्घ कराराने बांधलेला खरेदीदार मंदीतही ठरलेला माल बऱ्याच अंशी उचलतो. महिन्याच्या भावावर चालणारा खरेदीदार थांबतो. जपानची जुनी पद्धत नैसर्गिक जंगलांसाठी निर्दोष नव्हती, टास्मानियाने ते सोसले आहे. परंतु झाड वाढायला जितकी वर्षे लागतात तितकी वर्षे गिऱ्हाइकाने शब्द पाळायचा, ही तिच्यातली गोष्ट मला मोलाची वाटते, आणि नव्या बाजारात ती फार कमी उरली आहे याचे मनापासून वाईट वाटते.

दादाच्या शेवटच्या फेरीत क्वी न्योनला भरलेला माल रिझाओला उतरला. त्याआधीची अनेक वर्षे तेच जहाज जपानी गिरण्यांसाठी धावत होते. तळघराच्या जिन्यावरच्या दारावर प्राणवायूचा इशारा जपानी आणि इंग्रजीत रंगवलेला होता, आणि आता त्याच्या खाली चिनी अक्षरांचा एक छापील कागद चिकटवलेला होता. समुद्राच्या हवेने तो कडेने सुटत चालला होता, म्हणून दादाने दर फेरीला स्वतःच्या हाताने तो पुन्हा डिंकाने चिकटवला.